गळ्यातलं कार्ड कुणाचं? गिरणीच्या तिकिटापासून सातिवलीच्या स्मार्ट कार्डापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी सगळं जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठला आला? विषय आहे ओळखपत्र. म्हणजे ते गळ्यात लटकणारं, गेटवरच्या डबीला टेकवलं की 'टिक' वाजणारं कार्ड.

वसई पूर्वेला सातिवली आहे. वसई रोड स्टेशनवरून शेअर रिक्षा पकडायची, रेंज नाका, गोखिवरे, वालीव हा सगळा पट्टा लागतो आणि पलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग. तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी हा गाळ्यांचा प्रदेश. कुठे प्लॅस्टिक, कुठे इंजिनीअरिंगचं काम, कुठे पॅकिंग, कुठे शिलाई. एका गाळ्यात बारा माणसं, तर शेजारच्यात दीडशे. पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात एक पट्टी आणि पट्टीला एक कार्ड असतं.

आता समजा, अशाच एका कारखान्याच्या मालकाने ठरवलं की आपण स्मार्ट कार्ड लावूया. कार्ड विकणारा येतो, टेबलावर तीन नमुने ठेवतो. प्रश्न विचारतो. किती माणसं? किती दरवाजे? छपाई एका बाजूला की दोन्ही? हजेरी पगाराच्या सॉफ्टवेअरला जोडायची का? प्रश्न बरोबरच आहेत. पण नीट बघा, यातला प्रत्येक प्रश्न गेटच्या आतल्या बाजूने विचारलेला आहे. ज्याच्या गळ्यात ते कार्ड जाणार, त्याच्या बाजूचा प्रश्न कुणीच विचारत नाही: या कार्डातून कामगाराच्या हातात काय राहणार?

तुम्हाला वाटेल, हा फार आदर्शवादी प्रश्न आहे. पण मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी उभा राहिला होता. त्याचं थोडंफार उत्तर कायद्यात लिहिलंही गेलं. आणि ते उत्तर आपण विसरलो, त्याची किंमत आजही लोक मोजतायत. तर चला, सुरुवात करूया. आणि सुरुवात वसईपासूनच करूया.

वसईचा पास

डिसेंबर 1534. गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि वसई पोर्तुगीजांकडे गेली. या तहात एक अट होती. गुजरातच्या ज्या जहाजांना तांबड्या समुद्राकडे जायचं असेल, त्यांनी वसईहूनच निघायचं, पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा, आणि परत येताना पुन्हा वसईलाच येऊन जकात भरायची.

या परवान्याला पोर्तुगीज 'कार्ताझ' म्हणत. जहाज कुठलं, त्याचा नाखवा कोण, माल काय, कुठे चाललंय, हे त्यात लिहिलेलं असे. कार्ताझ नसलेलं जहाज भर समुद्रात पकडलं जाई आणि माल जप्त होई. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना आपलं दस्तक घ्यायला लावलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांचा इथला अंमल संपला.

हे का सांगतोय? कारण ओळखीच्या कागदाचा स्वभाव इथे अगदी उघडा दिसतो. कागद जहाजाच्या नावाचा, पण तो कसा असावा, त्यावर काय लिहावं, कुणी बघावा आणि नसेल तर काय शिक्षा, हे सगळं ठरवणारा दुसराच. तुमचं कार्डही असंच आहे. नाव तुमचं, फोटो तुमचा, पण ते कोऱ्या अवस्थेत असतानाच त्याचे नियम दुसऱ्याने ठरवलेले असतात.

आता समुद्रावरून गिरणीच्या गेटवर येऊ.

गेटवरची गर्दी आणि बदली कार्ड

1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी असा सगळा भाग चिमण्यांनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून माणसं आली. पण इतक्या माणसांना कामावर घ्यायचं कुणी?

मॅनेजर साहेब कामगाराला नावाने ओळखत नव्हता. ओळखायचा जॉबर. म्हणजे मुकादम समजा. माणूस आणायचा त्याने, कामाला लावायचा त्याने, काढायचाही त्यानेच. त्या काळात जॉबर हाच एक चालताबोलता ओळखपत्र विभाग होता! त्याने मान हलवली की तुम्ही कामगार, नाही हलवली तर रस्त्यावर. साहजिकच त्या मान हलवण्याला भाव होता. शाही कामगार आयोगाचा 1931 चा अहवाल जॉबरला द्याव्या लागणाऱ्या लाचेबद्दल स्पष्ट बोलतो.

यात सगळ्यात वाईट हाल बदली कामगाराचे. कायम कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी एका दिवसापुरता घेतला जाणारा तो बदली. रोज सकाळी पहिल्या पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आज कुणी आला नाही तर आपलं काम, सगळे आले तर घरी परत. कुणाला आत घ्यायचं हे पुन्हा जॉबरच्या मर्जीवर.

1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने एक योजना आणली. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायचं. कार्डवाल्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. गेटवरची गर्दी कमी व्हावी आणि जॉबरच्या हातातला खेळ थोडा आवरावा, हा हेतू.

इथे थांबून बघा. पुठ्ठ्याचं एक साधं कार्ड. चिप नाही, फोटो नाही. पण त्याने काय केलं? काल 'जॉबर मला ओळखतो' एवढाच आधार होता, आज 'हे बघा माझं कार्ड' असं म्हणता यायला लागलं. हे अगदी सरळ सुखाचं होतं असं मात्र नाही. ज्याला कार्ड मिळालं नाही, त्याच्यासाठी गेट आणखी बंद झालं. आणि ज्याला मिळालं, तो वर्षानुवर्षं बदलीच राहू शकत होता. पण ओळख माणसाच्या तोंडातून कागदावर आली, हा बदल मोठा होता.

कायद्यात लिहिलेली पाच कार्डं

यानंतरची गोष्ट मला स्वतःला फार आवडते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

1946 मध्ये औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा आला. स्थायी आदेश म्हणजे कारखान्याचे लेखी नियम. पाळ्या, रजा, शिस्त, सगळं. त्यासाठी सरकारने एक नमुना तयार केला आणि त्या नमुन्यात 'तिकीट' या नावाचं एक कलमच आहे. तिकीट म्हणजे कामगाराचं ओळखपत्र. गिरणगावात 'तिकीट नंबर' हा शब्द त्याच अर्थाने रुळला.

त्या कलमात काय आहे? कायम कामगाराला त्याच्या खात्याचं, त्याचा नंबर असलेलं तिकीट. तात्पुरत्या कामगाराला तात्पुरतं तिकीट. शिकाऊला शिकाऊ कार्ड. बदलीला बदली कार्ड. आणि नैमित्तिक, म्हणजे रोजंदारीवर अधूनमधून येणाऱ्याला वेगळं कार्ड.

आणि आता ऐका. बदली आणि नैमित्तिक कामगाराच्या कार्डाबद्दल तिथे आणखी एक वाक्य आहे: त्याने ज्या ज्या दिवशी काम केलं, ते दिवस त्या कार्डावर लिहायचे.

किती साधी गोष्ट! पण विचार करा. कायम कामगाराचं नाव मोठ्या रजिस्टरमध्ये पक्कं आहे, त्याचं तिकीट फक्त नंबर दाखवलं तरी चालतं. ज्याचं नाव कच्चं आहे, ज्याला उद्या कुणीही 'तू इथे कामाला नव्हतासच' असं म्हणू शकतो, त्याच्याच कार्डावर कामाचे दिवस लिहायचे. म्हणजे कार्ड हे गेट उघडण्याची किल्लीही झालं आणि कामगाराच्या खिशातली हिशोबाची वहीही झालं. जो जास्त कच्चा, त्याचं कार्ड जास्त बोलकं.

आता याच्या शेजारी आजचं स्मार्ट कार्ड ठेवा. तुम्ही ते डबीला टेकवता, 'टिक' वाजतं, आणि तुमचा दिवस कुठे लिहिला जातो? मालकाच्या किंवा कार्डवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर. कार्डावर डोळ्याला दिसेल असं काहीच उमटत नाही. तुम्ही ते वर्षभर टेकवलं काय आणि एकदाच टेकवलं काय, ते तसंच गुळगुळीत दिसतं. या एका बाबतीत पुठ्ठ्याचं कार्ड चिपवाल्या कार्डापेक्षा हुशार होतं.

240 दिवस

दिवस लिहिण्याला इतकं महत्त्व का? कारण आपल्या कामगार कायद्यात 240 हा फार मोठा आकडा आहे. औद्योगिक विवाद कायद्यात, आणि 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही, वर्षभरात 240 दिवस काम भरलं तर साधारणपणे ती एक वर्षाची सलग सेवा धरली जात असे. सलग सेवा असेल तर नोकरीवरून काढताना नोटीस, भरपाई, पुढे ग्रॅच्युइटी असे हक्क लागू होतात.

पण 240 दिवस भरले हे सिद्ध कुणी करायचं? 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातलं एक प्रकरण आलं होतं, रेंज फॉरेस्ट ऑफिसर विरुद्ध एस. टी. हादिमनी. न्यायालयाने म्हटलं की ही जबाबदारी कामगाराची आहे, आणि नुसतं स्वतःचं प्रतिज्ञापत्र त्याला पुरेसं नाही. पगाराची पावती, नेमणुकीचा आदेश असं काहीतरी दाखवावं लागेल.

म्हणजे गणित असं झालं. नोंद मालकाकडे, आणि पुरावा द्यायचा कामगाराने! ज्याच्या कार्डावर दिवस लिहिलेले असतील, त्याच्या हातात निदान काहीतरी आहे. ज्याचं कार्ड नुसतं 'टिक' करतं, त्याने काय दाखवायचं?

चाळीस वर्षांनी मागितलेलं तिकीट

हा प्रश्न केवढा खरा आहे, ते गिरणगावानेच दाखवलं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार. संप फिसकटला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माणसं पांगली. कुणी गावी गेलं, कुणी पश्चिम रेल्वेच्या कडेकडेने नालासोपारा, विरारला आलं. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकायला निघाल्या, आणि कामगारांनी मागणी केली की या जमिनीवर आम्हाला घरं द्या. लढा झाला, धोरण ठरलं, आणि म्हाडाने 2012 मध्ये घरांची सोडत काढली.

घर कुणाला? 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगाराला, किंवा त्याच्या वारसाला. आणि हे सिद्ध कसं करायचं? म्हाडाने मागितलेल्या कागदांच्या यादीत काय होतं पाहा. गिरणीचं ओळखपत्र. तिकीट नंबरची प्रत. सर्व्हिस प्रमाणपत्र. लाल पास. प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर. ईएसआयसी नंबर. हजेरी पत्र. पगाराची पावती. सप्टेंबर 2023 पासून सुमारे दीड लाख कामगार आणि वारसांची पात्रता तपासण्यासाठी मोहीम चालली, तेव्हाही हेच कागद.

जरा डोळ्यासमोर आणा. गिरणी पाडून तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिलेत. जॉबर नाही, टाइमकीपर नाही, हजेरीचं रजिस्टर कुठे गेलं कुणास ठाऊक. आणि एखादी म्हातारी बाई ट्रंकेतून नवऱ्याचं तिकीट काढते. गेटवर दाखवण्यासाठी बनवलेलं कार्ड, पण गेटच उरलेलं नाही. कार्ड उरलं, आणि मुंबईतल्या घराचा हक्क त्याच्यावर येऊन टेकला.

ते तिकीट देणाऱ्या टाइमकीपरने असा विचार केला असेल का? मुळीच नाही. त्याला फक्त गेटवर परका माणूस नको होता. पण त्या कार्डात तीन गोष्टी सहज होत्या. ते मशीनशिवाय वाचता येत होतं. त्यावर गिरणीचं नाव आणि माणसाचा नंबर होता. आणि ते कामगाराच्या घरी राहू शकत होतं. या तीन गोष्टींनी चाळीस वर्षांनी काम केलं.

किल्ली, चिप आणि बोटाचा ठसा

आता दुसऱ्या बाजूची, म्हणजे यंत्राची गोष्ट थोडक्यात बघू. कारण कार्ड निवडायचं तर तेही कळायला हवं.

1888 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने हजेरीचं घड्याळ बनवलं. प्रत्येक कामगाराला नंबर असलेली स्वतःची किल्ली. ती घड्याळात फिरवली की कागदावर नंबर आणि वेळ उमटायची. बंडीची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन होत गेली, आणि त्या एकत्रित कंपनीने 1924 मध्ये जे नाव घेतलं ते तुम्हाला माहीत आहे: आयबीएम. म्हणजे जगातल्या एका सगळ्यात मोठ्या संगणक कंपनीच्या मुळाशी कामगारांची हजेरी घेणारं घड्याळही आहे!

1974 मध्ये फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी चिप असलेल्या कार्डाचं पेटंट घेतलं. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये फोनच्या बूथमध्ये अशी कार्डं चालायला लागली. मग आलं न टोचता, नुसतं जवळ नेऊन चालणारं कार्ड. त्यात बॅटरी नसते. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. रीडरच्या लहरींवर त्या वेटोळ्यात क्षणभर वीज तयार होते, चिप जागी होते, आपलं म्हणणं सांगते आणि परत झोपते.

आता विकणारा जे तीन नमुने ठेवतो, ते दिसायला सारखेच असतात. साधारण 85.6 बाय 54 मिलिमीटर, एटीएम कार्डाच्या मापाचे. फरक आत असतो.

पहिला प्रकार 125 किलोहर्ट्झचा. सगळ्यात स्वस्त. हा फक्त आपला नंबर मोठ्याने सांगतो, जो विचारेल त्याला सांगतो. कुलूप नाही, परवलीचा शब्द नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या यंत्राने त्याची नक्कल होते. याला स्मार्ट म्हणणं म्हणजे पोपटाला पंडित म्हणण्यासारखं आहे.

दुसरा प्रकार 13.56 मेगाहर्ट्झचा, त्यात मायफेर क्लासिक हे नाव तुम्ही ऐकाल. 1994 मध्ये आलेलं हे कार्ड जगभर गेलं, लंडनच्या ऑयस्टर कार्डातही हेच तंत्र होतं. पण त्याचं कुलूप गुप्त ठेवलेल्या पद्धतीवर उभं होतं. 2007-08 मध्ये संशोधकांनी, त्यात नेदरलँड्समधल्या नाइमेखन विद्यापीठातले लोक होते, ते कुलूप उघडून दाखवलं. तरीही ते आज स्वस्तात विकलं जातं.

तिसरा प्रकार त्याच लहरींवरचा, पण जगाने उघडपणे तपासलेलं एईएस हे कुलूप वापरणारा. डेसफायर हे त्यातलं परिचित नाव. थोडं महाग, पण जिथे दरवाजा खरंच जपायचा आहे तिथे हेच योग्य. आणि तिथेही विकणाऱ्याला एक प्रश्न विचाराच: कारखान्यातून आलेल्या मूळ किल्ल्या तुम्ही बदलून देणार की तशाच ठेवणार? किल्ल्या न बदललेलं कुलूप कितीही भारी असलं तरी उपयोग काय?

काही जण म्हणतात, कार्डच नको, बोटाचा ठसा घ्या. पण हाताने काम करणाऱ्यांचे ठसे झिजतात. सिमेंट, तेल, केमिकल, रोजची घासाघीस. मशीन म्हणतं 'पुन्हा प्रयत्न करा', आणि मागे रांग वाढते. 2020 मध्ये करोना आला तेव्हा सरकारी कार्यालयांनीही ठशाची हजेरी थांबवली होती. शिवाय कार्ड हरवलं तर नवीन देता येतं. ठसा बाहेर फुटला तर नवीन बोट कुठून आणणार? म्हणून ठसा लावायचाच असेल, तर सोबत दुसरा मार्ग हवाच.

कार्ड मालकाचं नसेल तर?

आपल्याच महाराष्ट्रात एक वेगळी वाटही निघाली होती. माथाडी कामगार. आज या गोदामात, उद्या त्या बाजारात; मालक रोज बदलतो. मग कार्ड द्यायचं कुणी? अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं आणि 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्यात मंडळं आली. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाचीही नोंदणी मंडळाकडे, आणि मजुरी व लेव्ही मंडळामार्फत.

म्हणजे ओळख एका मालकाच्या गेटला बांधलेली नाही. मालक बदलला तरी माणसाचा नंबर तोच. मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी होतात, वाद होतात, तो वेगळा विषय. पण कल्पना बघा किती पुढची होती. 2014 मध्ये प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन आला, बारा आकडी, नोकरी बदलली तरी तोच राहणारा. माथाडी कायद्यात याच दिशेचं पाऊल पंचेचाळीस वर्षं आधी पडलं होतं.

मग सातिवलीत काय करायचं?

इतिहास सांगून झाला, आता गाळ्यावर येऊ. 1946 च्या कायद्याचं ते पाच कार्डांचं कलम मूळ कायद्यानुसार शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला लागू होतं. बारा माणसांच्या गाळ्याला ते कधी शिवलंच नाही. कंत्राटी कामगारांसाठी 1971 च्या केंद्रीय नियमांत होतं की कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्ड द्या, त्यावर कामाचं स्वरूप आणि मजुरीचा दर लिहा, आणि काम संपलं की सेवा प्रमाणपत्र द्या. आता नव्या कामगार संहिता आल्या. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तिच्याखाली येणाऱ्या कारखान्यांना कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलंय. कागद बदलत राहतात. पण चांगलं कार्ड द्यायला कायद्याने कुणालाही अडवलेलं नाही.

तुम्ही कुठल्या कंपनीत एचआरला असाल, सोसायटीच्या कमिटीवर असाल, संस्थेचं काम बघत असाल, तर कार्ड निवडताना एवढं करा.

एक. कार्ड मशीनशिवाय वाचता आलं पाहिजे. नाव, फोटो, नंबर, कामावर लागल्याची तारीख. कंत्राटी माणूस असेल तर कंत्राटदार आणि मूळ कंपनी, दोघांची नावं. मराठीतही छापा, काही बिघडत नाही.

दोन. मागच्या बाजूला ईएसआयसी नंबर, रक्तगट आणि घरचा फोन, तोही माणसाला विचारूनच. दहा किंवा जास्त माणसं असली की साधारणपणे ईएसआयसी लागू होतं. मशीनवर हात अडकला तर नंबर शोधत बसायला वेळ नसतो. आधार नंबर मात्र छापू नका. त्याची तिथे काहीही गरज नाही.

तीन. हजेरीची नोंद कुठे साठते, ते लेखी घ्या. कार्डवाली कंपनी बंद पडली, करार संपला, तर आपली माहिती साध्या फाइलमध्ये परत मिळणार का? ही अट खरेदीच्या आधी घालायची असते. नंतर घातली तर तिचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

चार. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाला त्याच्या हजेरीचे दिवस मिळू द्या. पगाराच्या पावतीवर छापा, नाहीतर फोनवर पाठवा. खर्च जवळपास काहीच नाही. 1946 मध्ये पेनाने जे व्हायचं, ते आज एका बटणाने होतं. बदली कार्डाची ती वही आपण परत देऊ शकतो.

पाच. माणूस सोडून जाताना कार्ड परत घ्या, ते बंद करा, सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण कार्ड घेताना हातात सेवा प्रमाणपत्र द्या. कधीपासून कधीपर्यंत, काय काम केलं. एक पान पुरे.

मालकाला यात काय मिळतं? वाद कमी होतात. कामगाराला दर महिन्याला स्वतःचे दिवस दिसत असतील, तर चूक त्याच महिन्यात निघते, आणि ती पाच मिनिटांत सुटते. पाच वर्षांनी कोर्टात निघाली तर दोघांचंही वाटोळं होतं.

आणि तुम्ही जर कार्ड देणारे नसाल, कार्ड घालणारे असाल? तर आज रात्री एवढं करा. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेत पगार आल्याचे मेसेज, सगळं एका ठिकाणी ठेवा आणि स्वतःलाच ईमेल करा, कारण फोन हरवतो. यूएएन असेल तर पासबुक उघडून बघा, पैसे खरंच भरले जातायत का. ईएसआयसी कापत असतील तर ई-पहचान कार्डाची प्रत मागून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे.

गिरणी कामगारांच्या घरात ट्रंक होती म्हणून तिकिटं टिकली. आपल्याकडे ट्रंक नाही, फोनमध्ये जागा मात्र भरपूर आहे. थोडी यासाठी ठेवा.

तुमच्या घरी कुणाचं जुनं गिरणीचं तिकीट, बदली कार्ड किंवा पितळी बिल्ला असेल तर त्यावर काय काय लिहिलंय ते आम्हाला कळवा. नंबर झाकून, बरं का! आणि हा भाग तुमच्या कंपनीत जो माणूस कार्डाची ऑर्डर देतो, त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.